पोरगी स्टॉकहोमला गेली

आर्डिस ट्रेम्बाथला सिनेमातलं काही कळत नव्हतं, आणि हे ती स्वतःच चारचौघांत सांगायची. पण मत द्यायला कळावं लागतं असा कायदा सरोवराकाठच्या ओर पॉइंट गावात तरी कोणी केलेला नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा बाईचा खाक्या. आणि गंमत अशी की ती जीभ कधी उचलते याची सगळे वाट बघत बसायचे.

गावात थिएटर एकच, ओरियन. एरवी तिथे मोटारी उडवणारे आणि इमारती पाडणारे सिनेमे लागत. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मात्र परदेशी सिनेमा असायचा, नाहीतर आपल्याच देशातल्या कुणा होतकरू पोराने सासऱ्याकडून उसने पैसे घेऊन काढलेला. बघायला येणारी डोकी मोजकी, तीही बहुतेक पांढरी. सिनेमा संपला की बाहेरच्या दालनात कॉफी, ज्याने त्याने घरून आणलेलं खाणं आणि चर्चा. चर्चा चालवायची रोझली पेल्की. ही शाळेतून निवृत्त झालेली इंग्रजीची बाई. ती आधी प्रकाश, सावली, शांततेचा वापर असं काहीबाही बोलायची. लोक माना डोलवायचे आणि केकचे तुकडे तोंडात टाकायचे. मग रोझली वळून म्हणायची, "हं, आर्डिस, आता तू बोल." तेव्हा कुठे दालन जागं व्हायचं.

"परदेशी सिनेमात माणसं मरत नाहीत," आर्डिसने एकदा सांगून टाकलं होतं. "आपल्याकडे बघावं तर अर्ध्या तासात तीन मुडदे. तिकडची माणसं रुसली, दमली, म्हातारी झाली की गावाला जातात. आगगाड्या आहेत ना त्यांच्याकडे. आपल्या लोकांना जायला काही नाही, म्हणून मरतात बिचारे."

हसून हसून दातांचा डॉक्टर व्हर्न कस्किला याच्या हातातली कॉफी सांडली होती.

दुसरं मत असं, की परदेशी लोकांना आनंदाने रडायची फार वाईट खोड आहे. लग्न ठरलं की रड, पत्र आलं की रड, म्हातारा बरा होऊन घरी आला की सगळं घर हंबरडा फोडून रडतंय. "आम्ही मूळचे फिनिश लोक दुःखातही रडत नाही," आर्डिस म्हणायची, "आणि हे चांगलं झालं तरी छाती बडवतात. पण एक आहे. मनाने निर्मळ."

आपल्या देशातल्या होतकरू पोरांवर मात्र तिचा राग. "दोघं जण मोटारीत बसतात. एक बोलतो, दुसरा बोलत नाही. मग बाहेर झाडं. झाला सिनेमा. त्यापेक्षा मी आणि वेंडेल किराणा आणायला जातो तेव्हा जास्त घडतं. आपलीच पोरं इतकी रडकी आणि परक्यांची इतकी सुखी, हे कसं काय, मला कोणीतरी समजावून सांगा."

कोणी समजावून सांगत नसे. मक्याच्या लाह्या विकायच्या खिडकीशेजारी एक काळी पाटी होती. तिच्यावर रोझली खडूने लिहायची, 'आर्डिस म्हणते,' आणि खाली ते मत. पुढच्या सिनेमापर्यंत ते तसंच राहायचं. मारामारीचे सिनेमे बघायला येणारी तरणी पोरंसुद्धा ती पाटी वाचून जायची.

आता हे सगळं बोलायला या बाईला एका माणसाची गरज होती. आर्डिसच्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडले होते. कडेकडेचं दिसायचं. बर्फाचा पांढरेपणा, कोणी उठलं तर त्याचा कोट, दार उघडलं तर उजेड. पण जिथे बघायचं नेमकं तिथेच काही नाही. माणसाचा चेहरा नाही, घड्याळ नाही, अक्षर तर नाहीच. परदेशी सिनेमात खाली जी अक्षरं येतात, ती तिला नवरा वाचून दाखवायचा.

वेंडेल ट्रेम्बाथ हा जन्मभर धक्क्यावर बोटींत लोखंडाचा दगड भरणारा माणूस. ट्रेम्बाथ घराणं मूळचं कॉर्नवॉलचं, पिढ्यान्‌पिढ्या खाणीत उतरणारं, आणि बोलण्यापेक्षा खोकणारं जास्त. घरात वेंडेलचे विषय तीन. लाकडं, बर्फ आणि गाडी. लाकडं फोडायला हवीत, बर्फ काढायला हवा, गाडीचं तेल बदलायला हवं. लग्नाची मागणीसुद्धा त्याने "तुझ्या वडिलांच्या घराचं छप्पर या हिवाळ्यात टिकणार नाही" अशी सुरू केली होती, हे आर्डिस कोणालाही सांगायची.

पण थिएटरात तो तिच्या डाव्या बाजूला बसायचा, तोंड तिच्या कानाशी आणायचा आणि वाचायचा. तिथे हाच माणूस अडखळत नसे. इटलीची विधवा, जपानी मास्तर, डेन्मार्कचा दारुडा, सगळे त्याच्या त्या घोगऱ्या आवाजात कुजबुजायचे, आणि किती सुंदर बोलायचे. म्हणूनच तर आर्डिस या सिनेमांवर खुळावली होती. तिचं शेवटचं आणि सगळ्यात ठाम मत हेच होतं, की परदेशी पुरुषांना बायकोशी बोलता येतं.

या मताचं मूळ एका फ्रेंच पाववाल्यात होतं. डोळे गेले त्या पहिल्या हिवाळ्यात आर्डिस घराबाहेर पडेनाशी झाली होती. पडदे ओढून बसायची. चर्च नको, शेजारीण नको. रोझलीने गळ घातली म्हणून वेंडेल तिला जवळजवळ ओढत ओरियनला घेऊन गेला. सिनेमात एक म्हातारा पाववाला होता आणि त्याच्या बायकोची दृष्टी गेलेली. शेवटी भट्टीजवळ बसून तो तिला म्हणाला, "तुला दिसत नाही तर नाही. मला तू दिसतेस ना. एका घरात एवढं पुरतं."

ते ऐकून आर्डिसने घरी येऊन पडदे उघडले. अगदी दुसऱ्याच दिवशी. वेलदोड्याचा गोड पाव केला, ज्याला तिची आजी निसू म्हणायची, आणि हाताच्या अंदाजाने त्याची वेणी घालून रोझलीच्या घरी नेऊन दिला. रोझलीने ते वाक्य एका फळीवर रंगवून तिला भेट दिलं. ते स्वयंपाकघरात चुलीच्या वर टांगलेलं होतं. आर्डिसला ते वाचता येत नव्हतं, पण येताजाता ती त्याला हात लावायची. आणि वेंडेल लाकडं आणायला निघाला की सुनवायची, "शिक जरा त्या पाववाल्याकडून. तुझं आपलं कायम सरपण." वेंडेल बूट चढवायचा आणि निघून जायचा.

त्या नोव्हेंबरातल्या रविवारी सिनेमा स्वीडनचा होता. उत्तरेकडचं एक खेडं, गोठलेली नदी, घरात तीन बाया. आजी, आई आणि तरणी मुलगी. मुलगी एका सकाळी पायांना घसरायच्या लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून निघते आणि परत येत नाही. आर्डिस डोळ्यांच्या कडेने पडद्यावरचा पांढरेपणा बघत होती. आजूबाजूला ओल्या लोकरीचा वास होता. पुढच्या रांगेत नेहमीप्रमाणे व्हर्न बसला होता. हॉल रिकामा असला तरी तो बरोबर यांच्यापुढेच बसायचा.

"कुठे गेली?" आर्डिसने कुजबुजून विचारलं.

"स्टॉकहोमला," वेंडेल कानाशी म्हणाला. "नर्सिंग शिकायला. आईला सांगायचं धाडस झालं नाही म्हणून गुपचूप गेली."

"बरं झालं. त्या गावात काय ठेवलंय."

पडद्यावर आई जेवायच्या वेळी एक ताट जास्त मांडत होती. ताटलीचा आवाज आर्डिसने ओळखला. मग आजी बोलली.

आजी बोलली आणि आर्डिसने मान वर केली. ते स्वीडिश नव्हतंच. ते फिनिश होतं. आर्डिस हेक्किला म्हणून ती ज्या घरात वाढली, तिथल्या चुलीपाशी जे चालायचं, अगदी तेच, तसंच जाड आणि ओढत ओढत बोललेलं. स्वीडनच्या त्या टोकाला फिनिश बोलणारी माणसं असतात हे तिला कुठून माहीत असणार. तिची स्वतःची आजी गेल्यापासून ही भाषा तिच्याशी कोणी बोललं नव्हतं. ती विसरलीय असंच तिला वाटत होतं. पण काही शब्द माणूस मेल्यावरच विसरतो.

"पोरगी मेली," पडद्यावरची आजी म्हणाली. आणि मग दोनच शब्द, "अ‍ॅलॅ ओदोता." वाट बघू नकोस.

हे दोन शब्द आर्डिसची आजी दिवसातून दहादा म्हणायची. पाव फुगला, आजोबांची वाट बघू नका, खाऊन घ्या. बस गेली, वाट बघू नकोस, चालत जा. आणि खाणीत दरड कोसळली त्या संध्याकाळी दारात उभ्या असलेल्या मावशीला आजीने हेच दोन शब्द सांगितले होते. आवाज न चढवता.

डाव्या कानाशी वेंडेलचा श्वास आला. "आजी म्हणतेय, पोरगी सुखात आहे. पत्र येईल तिचं. तू वाट बघ."

आर्डिसला आधी वाटलं, आपलंच चुकलं. मग वाटलं, खालची अक्षरं चुकीची असतील, लिहिणारे लिहितात काहीही. पडद्यावर आईचं रडणं सुरू झालं, तेच हंबरडा फोडणं जे तिने इतक्या सिनेमांत ऐकलं होतं.

"का रडते ती?" तिने विचारलं.

"आनंदाने," वेंडेल म्हणाला. "पोरगी शिकतेय म्हणून."

"आजी कुठल्या भाषेत बोलते रे?"

"स्वीडिशच की. दुसरं काय बोलणार?"

तो अगदी सहज बोलला. त्याला परकी भाषा म्हणजे सगळी एकच, आणि कान तर बोटींच्या भोंग्यांनी कधीच बसवलेले. आर्डिस ऐकू लागली. आजी आणखी दोनदा बोलली. एकदा म्हणाली, नदीचा बर्फ पातळ होता, मी तिला सांगितलं होतं. वेंडेल म्हणाला, आजी सांगते, वसंतात आपण सगळ्या तिला भेटायला जाऊ. एकदा म्हणाली, ते ताट उचल. वेंडेल म्हणाला, राहू दे ते ताट, तिचंच आहे. किती गोड वाचत होता मेला. एवढ्या गोड आवाजात कोणी केसाने गळा कापेल असं कोणाला खरं वाटलं असतं.

दिवे लागले. वेंडेलने तिचा कोट धरला, तिने हात घातले. त्याने कोपर पुढे केलं, तिने ते नेहमीसारखं धरलं. पायऱ्या उतरताना तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. इटलीची ती विधवा. तो जपानी मास्तर. गावाला गेलेली ती सगळी माणसं. आगगाड्या.

दालनात कॉफीचा घमघमाट होता. रोझली प्रकाशाबद्दल बोलली. बर्फ हेच एक पात्र आहे असंही काहीतरी बोलली. मग खडू उचलल्याचा आवाज आला. "हं, आर्डिस. आज काय म्हणणं आहे बाईसाहेबांचं?"

सगळे थांबले. आर्डिसला चेहरे दिसत नव्हते, पण ते कसे थांबलेत हे तिला कळत होतं. कोणी जोक सांगायच्या आधी ऐकणारे तोंड थोडं उघडं ठेवून थांबतात, तसे.

"मला आज एक कळलं नाही," ती म्हणाली. "व्हर्न, तू सांग. ती पोरगी गेली कुठे?"

व्हर्नने कॉफी ढवळली. "पोरगी ना? ती... स्टॉकहोमला. नर्सिंग शिकायला."

आर्डिसच्या पायाखालची जमीन तिथे सरकली. नवऱ्याने फसवलं हे ती आतापर्यंत कसंबसं गिळत होती. पण स्टॉकहोम पडद्यावर कुठेच नव्हतं. ते फक्त तिच्या डाव्या कानात होतं.

"रोझली, तू सांग. आई का रडत होती?"

"अगं," रोझली म्हणाली. तिचा आवाज वर्गात ऐकू जाईल असा असायचा, तो एकदम बारीक झाला. "आनंदाने... असं म्हणता येईल."

"असं म्हणता येईल," आर्डिस म्हणाली. "ती आजी फिनिश बोलत होती, रोझली. पोरगी नदीत बुडून मेली असं म्हणत होती. मी पाच वर्षांची होईपर्यंत मला दुसरी भाषा येत नव्हती. तुमच्यातल्या कुणाच्या लक्षात नाही आलं का ते?"

कोणीतरी बशी खाली ठेवली. वेंडेलचं कोपर तिच्या हातात होतं ते दगडासारखं झालं. तिने ते सोडलं.

"सगळ्यांना माहीत होतं?"

मग व्हर्नला वाटलं आपण परिस्थिती सावरावी. दातांच्या डॉक्टरांना ती सवयच असते, उपटायच्या आधी गोड बोलायची. "हे बघ आर्डिस, वाईट हेतू नव्हता गं कुणाचा. आणि खरं सांगू? सिनेमापेक्षा वेंडेलचं चांगलं असायचं. मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसतो. मागच्या रांगांतले काही जण तर विचारतात, आज वेंडेल येणार आहे ना. त्या जपानी मास्तरला त्याने कसं वाचवलं होतं, आठवतं? सिनेमात तर तो मास्तर पहिल्या वीस मिनिटांतच..."

"व्हर्न, पुरे," रोझली म्हणाली.

"म्हणजे तुम्ही सगळे दोन सिनेमे बघत होतात," आर्डिस म्हणाली, "आणि मी एक. तोही नसलेला. आणि वर त्यावर माझं मत विचारत होतात."

"आम्हाला तुझी मतं आवडतात, आर्डिस. खरंच आवडतात."

"का नाही आवडणार? माणसं मरत नाहीत, गावाला जातात. बिचाऱ्यांकडे आगगाड्या आहेत ना." आर्डिसचा आवाज चढला नव्हता. तिच्या घराण्यात तो चढत नसे. "डोळे गेले तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे, चेहरे गेले, शिवण गेलं, पेपर गेला. डोकं तर आहे. रविवारी कोणीतरी मला विचारतं, तुला काय वाटलं, आणि मी सांगते आणि लोक ऐकतात. मी घरी जाऊन त्याच आनंदात झोपायची. मूर्ख बाई. तुम्ही पाटीवर लिहून ठेवत होतात आणि गावातली पोरं येऊन हसून जात होती."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

रोझली खडू बोटांत फिरवत राहिली.

"आणि तो पाववाला?" आर्डिसने विचारलं. उत्तर तिला नको होतं. "तू मला फळीवर रंगवून दिलंस ते. ते होतं ना सिनेमात?"

रोझलीने खडू खाली ठेवला.

"रोझली, मी तुला विचारतेय."

"नव्हतं," रोझली म्हणाली. "मला माहीत होतं नव्हतं. पण तू त्या दिवशी पाव घेऊन आलीस, इतक्या दिवसांनी बाहेर पडलीस. मी काय सांगायला हवं होतं?"

"पाटी पूस," आर्डिस म्हणाली.

रोझलीने पाटी पुसली. ओल्या फडक्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. मग आर्डिस दाराच्या उजेडाकडे चालू लागली, एकटीच, हात थोडा पुढे करून. वेंडेल मागून गेला.

गाडीत बसेपर्यंत अंधार पडला होता. नोव्हेंबरात तिकडे दुपार उरतच नाही. वेंडेलने काच खरवडली, आत बसला, इंजिन तापू दिलं. गाव मागे पडलं आणि सरोवराच्या कडेचा रस्ता लागला तेव्हा आर्डिस बोलली.

"तो पाववाला खरं काय म्हणाला होता?"

वेंडेलने हीटर कमी केला. "दुकान विकतो म्हणाला. आणि तिला कुठल्यातरी आश्रमात ठेवतो म्हणाला. मला तू आता झेपत नाहीस, असं."

"आणि तू ते वाचलं नाहीस."

"तू शेजारी बसली होतीस. माझा हात धरून. कसं वाचणार होतो?"

आर्डिसला हे समजलं. समजलं म्हणून राग कमी झाला असं मात्र नाही. उलट तो नीट जागेवर येऊन बसला. "एकदा नाही वाचलंस, समजू शकते. मग पुढची सगळी वर्षं?"

"तुला आवडायला लागलं ना. तू घरी येताना हसायचीस. मग एखादं खरं वाचलं असतं तर बाकीचं उघडं पडलं असतं."

"गोळ्यांच्या बाटल्यांवर लिहिलेलं तरी खरं वाचतोस का? का तिथेही सगळे सुखात आहेत?"

"अगं, असं काय बोलतेस."

"मग कसं बोलू? तू सांग. तूच सांगत आलायस, कोण काय बोललं ते."

गाडीच्या काचेवर बर्फाचे पहिले कण आपटू लागले होते. आर्डिसच्या मनात पुन्हा पुन्हा तीच फळी येत होती, चुलीवरची. मला तू दिसतेस ना. एका घरात एवढं पुरतं. ते वाक्य फ्रान्समधून आलंच नव्हतं. ते इथलंच होतं, याच माणसाचं, जो तिच्याशी लग्न झाल्यापासून सरपणाबद्दल बोलत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती फ्रान्स, जपान, डेन्मार्क फिरून आली, त्या परक्या पुरुषांवर भाळली, आणि कळसा डाव्या बाजूला बसून मक्याच्या लाह्या खात होता. तिला वाटलं आता आपण विरघळू. पण आत जे होतं ते विरघळायला तयार नव्हतं.

"मी तुला टोमणे मारायची," ती म्हणाली. "पाववाल्याकडून शिक म्हणायची. तुझंच वाक्य मी तुझ्या तोंडावर फेकायची आणि तू ऐकून घ्यायचास. बूट घालून निघून जायचास. एकदाही म्हणाला नाहीस, आर्डिस, ते माझं आहे."

"कसं म्हणणार?"

"तोंडाने. माझ्याशी. तुझ्यात हे होतं, वेंडेल. एवढं सगळं होतं. विधवेला दिलंस, मास्तरला दिलंस, दारुड्यालासुद्धा दिलंस. व्हर्न पुढच्या रांगेत बसून ऐकत होता. आणि मला काय दिलंस तर लाकडं. मला खोटं सांगितलंस हे मी एक वेळ विसरेन. पण खरं होतं ते दुसऱ्याच्या नावावर खपवलंस, हे कसं विसरू?"

"तिथे अंधार असतो," वेंडेल म्हणाला. "स्वयंपाकघरात दिवा असतो. आणि ते दुसरं कोणीतरी बोलत असतं. मी नुसता वाचत असतो. मग येतं."

"आता अंधार आहे," आर्डिस म्हणाली. "मला तर कायमचाच आहे. इथे फ्रेंच माणूस नाही, खाली अक्षरं नाहीत, व्हर्न नाही. घर यायला अजून वेळ आहे. तू तुझ्या नावाने एक वाक्य बोल. एकच. सुंदर नसलं तरी चालेल."

गाडी चालत राहिली. वायपर काचेवरून फिरत होते. तिकडे गाडी चालवणारा डावीकडे बसतो, म्हणून थिएटरातल्यासारखाच तो तिच्या डावीकडे होता, आणि सवयीने तिचा कान थोडा त्याच्या बाजूला झुकला होता. पूल गेला. हेक्किलांच्या जुन्या शेताचं वळण गेलं, ते तिला गाडीच्या कलण्यावरून कळलं. दोघं जण मोटारीत बसलेले, बाहेर झाडं. एकदा वेंडेलने तोंड उघडलं, तिला ते ऐकू आलं, आणि तिचा हात मांडीवर आपोआप मिटला. मग त्याने ते पुन्हा बंद केलं. गाडी घराच्या रस्त्याला लागली. चाकांखाली खडी वाजू लागली.

वेंडेलने घसा साफ केला.

"लाकडांवर ताडपत्री टाकायला हवी," तो म्हणाला. "आज बराच पडेल असं दिसतंय."

आर्डिसने मान सरळ केली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. काचेच्या कडेला थोडा पांढरेपणा हलत होता.

"अ‍ॅलॅ ओदोता," ती काचेला म्हणाली.

वेंडेलने इंजिन बंद केलं. "काय म्हणालीस?"

"काही नाही," आर्डिस म्हणाली. "लाकडं झाकायला हवीत, म्हणाले."